पाच वाजेपर्यंत हरकत न आल्यास

मुहाना देशाचा फलक हरवला नव्हता. तो माझ्या पिशवीत होता.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर रोज चहा घेतो त्या सहकाऱ्यांना नाही, आणि जिचा तो फलक होता तिला तर नाहीच. मुहाना नावाचा देश नकाशावर सापडणार नाही हे आधीच सांगतो, उगाच कुणी शोधत बसायला नको. तो देश मीच तयार केला होता, विद्यार्थ्यांच्या एका खेळासाठी. फलक मात्र खरा. सागवानी पट्टी, तिला पांढरा रंग, त्यावर गुलमंडीतल्या पेंटरनं निळ्या अक्षरांत रंगवलेलं नाव. पिशवीही खरी. खादीची, लांब बंदाची.

संपादकांनी फोनवर म्हटलं होतं, "सर, तुमच्या क्षेत्रातले गमतीदार अनुभव लिहा. वाचकांना वेगळं काहीतरी मिळेल." गमती आहेतच, त्या लिहितो. पण लिहायला बसलो आणि पहिलं वाक्य वरचंच उतरलं. आता ते खोडत नाही.

मी आमच्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एम.ए.च्या वर्गाला जागतिक शासनव्यवस्था आणि राजनय शिकवतो. हे नाव ऐकलं की माणसं आधी दोन पावलं मागं सरतात आणि मग विचारतात, "म्हणजे कलेक्टर होत्यात का पोरं?" आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या चाचांची बरीच वर्षं समजूत होती की मी पासपोर्ट काढून देतो. हजला जायच्या वेळी ते कागद घेऊन आले, तेव्हा कुठं उलगडा झाला. "मग तुम्ही करता तरी काय, सर?" त्यांनी विचारलं, आणि त्यांना दिलं तेच उत्तर मी पुढं पहिल्या तासाला वर्गात देऊ लागलो.

जगाला सरकार नाही. जगाचा तहसीलदार नाही, फौजदार नाही. तरी इथून टाकलेलं पत्र टोकियोत पोचतं. विमान एका देशाच्या आभाळातून दुसऱ्याच्या आभाळात शिरतं आणि कुणी बंदूक उगारत नाही. एका देशात साथ आली की दुसऱ्याला कळवलं जातं. हे कोण चालवतं? कुणीच नाही, आणि सगळे मिळून. माणसं एका टेबलाभोवती बसतात, एका वाक्यावर दिवसच्या दिवस भांडतात आणि शेवटी कुणालाच पूर्ण न आवडलेलं वाक्य सगळे मान्य करतात. ते वाक्य कसं लिहायचं, कसं वाचायचं आणि त्यात आपल्याला कुठं फसवलंय ते कसं ओळखायचं, हे आम्ही शिकवतो. चाचा म्हणाले, "मतलब पंचायत." मी म्हटलं, व्हय, पण सरपंच नसलेली.

या धंद्यात एक पद्धत आहे. तिला मौनाची पद्धत म्हणतात. सगळ्यांना पुन्हा पुन्हा गोळा करणं शक्य नसतं, म्हणून अध्यक्ष मसुदा वाटतो आणि खाली लिहितो: अमुक वेळेपर्यंत हरकत न आल्यास हा मसुदा सर्वांना मान्य आहे असं समजलं जाईल. घड्याळाचा काटा तिथं पोचेपर्यंत जो गप्प, त्याची सही झाली. ज्याला मान्य नाही त्यानं वेळेच्या आत उठून बोलायचं. याला म्हणतात मौन मोडणं. मोठी राष्ट्रंसुद्धा हे जपून करतात, कारण मौन मोडणारा सगळ्यांच्या नजरेत येतो.

ही पद्धत मी एकदा वर्गाबाहेर वापरून पाहिली, त्याची ही हकीकत.

चिकलठाण्याचे एक रंगनाथराव एका दुपारी विभागात आले. धोतर, टोपी, काखेत जमिनीच्या नकाशाची गुंडाळी.

"इथं तह शिकवत्यात म्हणं?"

"शिकवतो. पण देशांचे."

"मग भावाभावाचा तर त्याहून सोपा असंल."

कारखाने आल्यावर त्यांच्या जमिनीचे प्लॉट पडले होते आणि दोघा भावांच्या प्लॉटांमधून ट्रक जायला वाट कुणी किती सोडायची यावर घरात बोलणं बंद होतं. मला हुरूप आला. दोघांशी वेगवेगळं बोललो, एका पानाचा मसुदा केला आणि खाली ऐटीत लिहिलं: शुक्रवारी पाच वाजेपर्यंत हरकत न आल्यास दोघांना मान्य. शुक्रवार गेला. हरकत नाही. मी वर्गात छाती काढून सांगितलं, बघा, पद्धत कशी चालते. सोमवारी तास चालू असतानाच दोघं भाऊ वर्गाच्या दारात एकमेकांच्या अंगावर ओरडत उभे. वाट धाकट्यानं दगड टाकून अडवली होती.

मी धाकट्याला म्हटलं, "अहो, तुम्ही हरकत घेतली नाहीत. गप्प बसलात."

तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मलाच काही कळत नाही. "गप बसलो म्हंजी काय राजी झालो? मी रुसलो होतो, सर. रुसलेला मानूस लिहून देतो का कुठं?"

वर्ग हसून लोळला. मीही हसलो. जगभर गप्प बसणं म्हणजे होकार. आमच्याकडं गप्प बसणं म्हणजे रुसवा. कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं. तेव्हा मागच्या बाकावरून नसरीननं हात वर केला होता.

"सर, मग रुसलेल्या देशानं काय करायचं?"

"मौन मोडायचं," मी म्हटलं. "वेळेच्या आत. एकटा असला तरी. गप्प बसणं हे आपल्या धंद्यात हत्यार नाही, सही आहे."

वाक्य चांगलं जमलं होतं. तिनं ते लिहून घेतलं. मला वाटतं, त्या वर्षी मी बोललेल्यांपैकी तेवढं एकच खरं कामाला आलं, आणि तेही माझ्याच विरुद्ध.

नसरीन फर्दापूरची. अजिंठ्याच्या लेण्यांना येणाऱ्या पर्यटकांना दगड विकायचं त्यांचं दुकान. स्फटिक, गारगोट्या, फोडल्यावर आत जांभळं चमकणारे गोळे. तिचं इंग्रजी त्याच दुकानात झालेलं. व्याकरण कुठंही तुटायचं, बोलणं मात्र तुटायचं नाही. जपानीत दहापर्यंत मोजायची आणि अकराव्यावर घासाघीस सुरू करायची. वडिलांचं म्हणणं होतं बी.एड. कर; ही आमच्याकडं आली. तिचा वर्गातला जोडीदार कैलास गंगापूरचा, ऊस-कापूसवाल्या घरातला. त्याला वाटलं होतं या कोर्सनं स्पर्धा परीक्षा सोपी जाईल. तास बुडवायचा, पण बोलायला लागला की सगळे ऐकायचे.

त्या वर्षी आमच्या कोर्सवर गदा आली होती. विद्यार्थी कमी, खर्च जास्त. बंद करायचा की चालू ठेवायचा हे ठरवायला विद्यापीठानं समिती नेमली आणि तिच्यात बाहेरचे सदस्य म्हणून एक निवृत्त राजदूत होते. मूळचे इंदूरचे, त्यामुळं मराठी छान, जरा हेल काढून. आम्ही ठरवलं की आपण आंतरविद्यापीठीय अभिरूप परिषद भरवायची, म्हणजे पोरांनी देशांचे प्रतिनिधी बनून वाटाघाटी करायच्या, राजदूत साहेबांनाच अध्यक्ष करायचं आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. सगळी मांडणी माझ्याकडं आली. मी तेव्हा तासिका तत्त्वावर होतो. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी: घेतलेल्या तासाचेच पैसे, सुटीचे नाहीत, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे कुणी सांगत नाही. कोर्स बंद झाला असता तर मला काढायचीही गरज नव्हती. मी आपोआप नसलो असतो.

खेळ मी नदीचा रचला. एक काल्पनिक नदी, पाच काल्पनिक देश. उगमाला शिखरा, मोठा, श्रीमंत, चार धरणांचा मालक. शेवटी समुद्रापाशी मुहाना. पाच विद्यापीठांचे संघ आले, चिठ्ठ्या उचलल्या. शिखरा दिल्लीच्या संघाला गेला. आमच्या पोरांच्या हातात मुहाना आला.

चिठ्ठी उघडून कैलास म्हणाला, "घ्या. इथंबी टेलच, कालव्याचं शेवटचं टोक. सर, आमच्या चारीला पाणी येत नाय, आन् आता देशालाबी नाय."

"रडतो कशाला बे," नसरीन म्हणाली. "समंदर तो अपना है ना."

दोन दिवस वाटाघाटी झाल्या. बोलणं सगळं इंग्रजीत, मी इथं मराठीत देतो. दिल्लीच्या संघाचा म्होरक्या कोट-टायमधला उंच मुलगा होता, अस्खलित बोलणारा. नसरीन पहिल्यांदा उठली तेव्हा तिच्या इंग्रजीवर त्यांच्या बाकावर हसू फुटलं. ती थांबली, त्यांच्याकडं बघून गोड हसली आणि जिथं थांबली होती तिथूनच पुढं बोलत राहिली. दुकानात गिऱ्हाईक हसलं तर दुकान बंद करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजदूत साहेबांनी अंतिम मसुदा वाटला. खाली ओळ होती: पाच वाजेपर्यंत हरकत न आल्यास सर्वांना मान्य. सगळे जेवायला गेले. पुरी-भाजी आणि मसालेभाताचा घमघमाट सुटला होता आणि मी हवेत होतो. परिषद एकमतानं संपणार, साहेब खूश, समिती खूश. मी स्वतःसाठी दुसऱ्यांदा जिलेबी वाढून घेत होतो तेवढ्यात दोघं माझ्यापाशी आले. कैलासच्या हातात मसुदा.

"सर, ही ओळ बघा. काल असं नव्हतं."

आदल्या दिवशी ठरलं होतं की शिखरा उन्हाळ्यात खालच्या देशांसाठी ठरलेलं पाणी सोडेल. आता त्याच्यापुढं तीन शब्द आले होते: परिस्थिती अनुकूल असल्यास. शिखराच्या संघानं मसुदा समितीत कधीतरी ते घुसवले होते. मी सकाळीच, मसुद्याच्या प्रती काढताना, ते वाचले होते. वाचून पुढं गेलो होतो.

"परिस्थिती अनुकूल हाय का नाय हे कोन ठरवनार?" कैलास म्हणाला. "धरणवालाच ना? सर, हे वाक्य मी लई उन्हाळे ऐकलंय. वरचे म्हनत्यात, बघू, पाऊस झाला तर. आन् आम्ही बघतच बसतो."

"आम्ही मौन मोडतो, सर," नसरीन म्हणाली.

मी जिलेबीची ताटली खाली ठेवली. "नाही."

"क्यूं, सर?"

"एकमत झालं तर सगळ्या संघांना गुण आहेत. तुम्ही मोडलं तर पुन्हा चर्चा, वेळ संपणार, परिषद फसणार. साहेब काय म्हणतील? कोर्सचं काय होईल ठाऊक आहे?" आणि मग मी ते वाक्य बोललो जे आजही जेवताना कधीतरी आठवतं आणि घास फिरतो. "अगं, काल्पनिक नदी आहे ती. कुणी तहानेनं मरणार नाही."

 कैलास खाली बघत होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "पण सर, पाच वाजेपर्यंत तरी देश आमचाच आहे ना?"

मी "जेवून घ्या" म्हटलं आणि तिथून निघालो.

सभागृह रिकामं होतं. पंखे चालू, टेबलांवर कागद फडफडत होते. नियम मीच लिहिले होते आणि त्यात एक होता: आपल्या देशाचा फलक उंचावल्याशिवाय कुणालाही बोलता येणार नाही, हरकतही नोंदवता येणार नाही. मी मुहानाच्या टेबलापाशी गेलो. फार विचार केला असं नाही, फक्त एकदा दाराकडं पाहिलं. फलक उचलला, पिशवीत टाकला, वरून हजेरीचा मस्टर ठेवला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. पिशवी पायांशी. मांजरानं दूध पिऊन झाल्यावर बसावं, तसा.

पावणेपाचला सगळे परतले. ती दोघं आपल्या जागेवर आली आणि थबकली. त्यांनी टेबलाखाली बघितलं, खुर्च्या हलवल्या, शेजारच्या संघाला विचारलं. नसरीननं वळून माझ्याकडं पाहिलं. मी मस्टर उघडून हजेरी तपासत होतो. ज्या दिवशी हजेरी घ्यायचीच नव्हती त्या दिवसाची.

कैलास तरातरा बाहेर गेला. मला वाटलं, संपलं. मला हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं.

तो परत आला तेव्हा चहावाल्याकडचा बिस्किटांचा खोका त्याच्या हातात होता. त्यानं उभ्या उभ्या त्याची एक बाजू टर्रकन फाडली. नसरीननं बोर्डाचं मार्कर घेतलं आणि पुठ्ठ्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं की शेवटचं अक्षर कडेला चिरडलं: मुहाना. आणि पाचाला काटा टेकायच्या आत तिनं तो पुठ्ठा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

मी मागं होतो, मला पुठ्ठ्याची मागची बाजू दिसत होती. तिच्यावर छापील बाण होता आणि लिहिलेलं होतं: ही बाजू वर. बाण खाली बघत होता.

"मुहाना मौन मोडत आहे," ती म्हणाली.

सभागृहात एकदम कल्लोळ झाला. कोटवाला ताडकन उठला. "अध्यक्ष महाराज, हा अधिकृत फलक नाही. हे बिस्किटाचं खोकं आहे!"

राजदूत साहेबांनी चष्मा खाली घेतला, नियमांचा कागद वाचला आणि शांतपणे म्हणाले, "नियमात फलक पाहिजे असं लिहिलं आहे. कशाचा पाहिजे ते लिहिलेलं नाही. मुहानानं बोलावं."

ती बोलली. तिनं ते तीन शब्द वाचून दाखवले आणि विचारलं की परिस्थिती अनुकूल आहे हे कोण ठरवणार. कोटवाला म्हणाला, अर्थातच ज्याची धरणं आहेत तो. हे शब्द केवळ सावधगिरीचे आहेत, मुहानानं विश्वास ठेवावा, मैत्रीच्या भावनेनं बघावं.

"ठीक आहे," नसरीन म्हणाली. "आमची हरकत मागं घेतो."

मी सुटकेचा श्वास सोडला. कैलास मात्र हसत होता. त्यानं देशांच्या माहितीचा कागद उघडून तिच्यापुढं सरकवला होता.

"फक्त आणखी एका कलमात तेच जोडा," ती म्हणाली. "शिखराला समुद्र नाही. त्याचा सगळा माल आमच्या बंदरातून जातो. करारात लिहिलंय की आम्ही त्याच्या जहाजांना वाट देऊ. तिथंही लिहा: परिस्थिती अनुकूल असल्यास. ठरवणार आम्ही. आमच्यावर विश्वास ठेवा. मैत्रीच्या भावनेनं."

 मग मागून कुणीतरी खो खो हसलं, आणि सभागृह फुटलं. मधल्या तीनही देशांचे फलक एकदम वर गेले, सगळे मुहानाच्या बाजूनं, कारण पाणी त्यांनाही हवं होतं आणि हे बोलायची हिंमत कुणाची झाली नव्हती. कोटवाल्यानं वेळ मागितला. शेजारच्याशी कुजबुजला. नसरीन उठली आणि आपले कागद गोळा करायला लागली, अगदी सावकाश. नंतर तिनं सांगितलं की फर्दापूरला पर्यटकाची बस सुरू झाल्यावरच खरा भाव निघतो. म्हणून तिनं बस सुरू केली.

तिचा हात पुठ्ठ्याला लागायच्या आत शिखराचा फलक वर गेला. शब्द मागं. दोन्ही कलमांतून. उन्हाळ्याचं पाणी ठरल्याप्रमाणं सुटेल.

परिषद एकमतानं संपली, आणि तेही खऱ्या. राजदूत साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले, "मी आयुष्यभर असल्या बैठकांत बसलो, पण खोक्यानं जिंकलेला देश पहिल्यांदाच पाहिला." मग तिला विचारलं, "बेटा, हे मौन मोडायचं कुणी शिकवलं?"

तिनं मागं वळून माझ्याकडं हात केला. "सरांनी."

सगळे माझ्याकडं बघून टाळ्या वाजवत होते. मी उभा राहिलो. मान थोडी झुकवली. पायाशी पिशवी होती. एक पाय तिच्यावर ठेवून उभा होतो.

तीच माझी वेळ होती. पाच वाजून गेले होते, पण अजून बोलता आलं असतं. मी गप्प बसलो आणि सगळ्यांनी माझी सही झाली असं समजलं.

कोर्स वाचला. नुसता वाचला नाही, वाढला. समितीच्या अहवालात साहेबांनी लिहिलं म्हणे की हा वर्ग बंद करणं म्हणजे चांगल्या विहिरीवर दगड ठेवणं. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली, सरांचा डाव, पोरांची फत्ते अशा थाटाची. पुढं मी कायम झालो. तो पुठ्ठा काचेच्या चौकटीत घालून विभागाच्या भिंतीवर लावला, आजही आहे. दरवर्षी नव्या वर्गाला मी त्याच्यापुढं उभं करतो आणि गोष्ट सांगतो. गोष्टीत म्हणतो, "जेवणाच्या गडबडीत खरा फलक कुठंतरी हरवला." अन् वर्ग हसतो.

आमची पोरं कुठं कुठं पोचली ते सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण श्रेय त्यांचं आहे. एक जण जहाजांच्या भाड्याचे तंटे सोडवतो. एक मुलगी भूकंप झाला की परदेशी मदतीची विमानं कुणी कुठं उतरवायची ते बघते. कन्नड तालुक्यातला एक आमच्याच शहरात पासपोर्टच्या कामात आहे, इस्त्रीवाले चाचा आता त्याच्याकडं जातात. मराठवाड्यातली पोरं जगाच्या टेबलाला बसू शकतात की नाही हा प्रश्न आता कुणी विचारत नाही. तेव्हा विचारायचे, तोंडावर.

कैलास स्पर्धा परीक्षेच्या वाट्याला गेलाच नाही. गंगापूरला पाणी वापर संस्थेचं काम बघतो आणि चारीच्या शेवटच्या शेताला आधी पाणी, असा नियम त्यानं करून घेतलाय. बैठकीत तो म्हणतो म्हणे, "हरकत असंल तर आत्ता बोला. जो गप बसंल त्याला रुसलेला धरू आन् त्याच्या घरी चहाला जाऊ." माझ्या शिकवण्यात त्यानं केलेली ही दुरुस्ती मी आता अभ्यासक्रमातच घेतली आहे. चिकलठाण्याच्या भावांच्या वेळी मला ती सुचली असती तर!

नसरीन नद्यांच्या कामात आहे. दोन-तीन देशांतून वाहणाऱ्या नद्यांचे करार होतात, त्यांचे मसुदे ती लिहिते. या नद्या खऱ्या आहेत.

गेल्या हिवाळ्यात ती व्याख्यानाला विभागात आली. केसांत पांढरं, इंग्रजी अजून तसंच, मध्येच तुटणारं आणि न थांबणारं. सभागृह गच्च भरलेलं. बरोबर तिनं फर्दापूरहून वडिलांना आणलं होतं, ते पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसले आणि पुनःपुन्हा माझा हात धरून म्हणत राहिले, "सर, तुमच्यामुळं."

एका मुलानं विचारलं, "मॅडम, तेव्हा भीती नाही वाटली? सर नाही म्हणाले असते तर?"

"सर नाहीच म्हणाले होते," ती हसून म्हणाली.



"मी विचारलं तर म्हणाले, काल्पनिक नदी आहे, जाऊ दे. मला लई राग आला. नंतर कळलं, ते मला पारखत होते. वरच्याचा दबाव आला तर हिचे पाय टिकतात का, ते बघत होते. बाहेर गेल्यावर तसंच होतं ना. आपलाच माणूस येऊन सांगतो, गप्प बस. मला जेव्हा जेव्हा असं कुणी सांगतं ना, मला सरांचा चेहरा आठवतो आणि मी फलक उचलते."

टाळ्या पडल्या. वडिलांनी माझा हात आणखी घट्ट दाबला. सूत्रसंचालकानं माझ्याकडं बघून विचारलं, "सर, यावर काही बोलायचंय?"

मी मान हलवली. नाही.

कार्यक्रमानंतर ती बराच वेळ त्या काचेच्या चौकटीपुढं उभी होती. म्हणाली, "खरा फलक हरवला ते बरंच झालं, नाही का, सर? तो असता तर ही गोष्ट झालीच नसती." मी हो म्हटलं. चहा आला. तिनं वडिलांच्या कपातली साखर ढवळून दिली. मग त्यांची गाडी निघाली आणि फाटकापर्यंत जाऊन मी हात हलवला.

तिच्या गोष्टीनं तिचं काही नुकसान झालेलं नाही, हे मला कळतं. कुणी म्हणेल, मग राहू द्या की. पण ती ज्या टेबलांवर बसते तिथं तिचं बळ खरं आहे, आणि त्याच्या मुळाशी तिनं माझा जो चेहरा ठेवलाय तो खोटा आहे. त्या दिवशी मुहानाच्या बाजूनं सभागृहात दोनच माणसं होती, ती आणि कैलास. तिसरा नव्हता. जिंकण्यात माझा वाटा एवढाच की मी अडथळा होतो आणि तो त्यांनी ओलांडला. फत्ते पूर्ण त्यांची आहे. मला वाटतं, हे कळल्यावर ती आणखीच मोठी दिसेल.

हा अंक मी तिला पाठवणार आहे, पण छापलेलं वाचून तिला कळावं एवढ्यानं भागत नाही. तिच्या वडिलांनी माझा हात सगळ्यांसमोर धरला होता, तेव्हा हेही सगळ्यांसमोरच व्हायला हवं.

नसरीन, ती पारख नव्हती. मी घाबरलो होतो. तुमचा फलक मी उचलला आणि तू माझ्याकडं वळून बघितलंस तेव्हा मी मस्टर चाळत होतो. तो फलक माझ्या कपाटात खालच्या खणात आहे, निळा रंग अजून उडालेला नाही. त्याच सभागृहात, वर्गासमोर, तुझ्या आणि कैलासच्या हातात तो परत द्यायचा माझ्याकडून बाकी आहे.